पेटीवर मागं बसणारा

मी १९९६ च्या दहावीच्या बॅचचा. शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला आणि पहिल्यांदा आठवली ती संगीताच्या खोलीतली पेटी. गॅदरिंगला गाणारी पोरं पुढं माईकजवळ आणि मी मागं पडद्याला चिकटून पेटीवर, एका फोटोत आलो नाही कधी, आणि त्याचं तेव्हा लय वाईट वाटायचं. सर म्हणायचे, "अरे, तू सूर धरतोस म्हणून ती गातायत."

पुढं पुण्यात कॉलेजला रूममेटनं क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडची कॅसेट लावली आणि म्हणाला, हा त्यातला गाणारा फ्रेडी मर्क्युरी तुमच्या पाचगणीत शिकलाय. विश्वासच बसेना! आम्ही वाईची पोरं, पसरणी घाट चढला की पाचगणी, टेबललँडवर किती सहली गेल्या, पण हे कुणी बोललंच नव्हतं. मग मिळेल ते वाचत सुटलो. जन्म १९४६ चा, झांझिबारचा, पारशी घरातला फारूख बुलसारा, आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी एवढ्या लांब सेंट पीटर्सच्या बोर्डिंगला धाडलेला, फ्रेडी हे नाव पण तिथल्या पोरांनीच पाडलं. १९५८ ला पाच जणांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, आणि अंगावर काटा आला तो पुढचं वाचून, की त्या बँडमध्ये गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर असायचा.

म्हणजे ज्याच्यासारखा फ्रंटमन, बँडच्या पुढं उभा राहून गाणारा, परत झाला नाही असं मी तरी मानतो, तो आपल्या डोंगरावर साथीला बसायचा. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या लाइव्ह एड या कार्यक्रमात सत्तर हजार लोक समोर, तेव्हाही तो आधी पियानोवरच बसला, बोहेमियन ऱ्हॅप्सडी या त्यांच्या गाण्याची सुरुवात वाजवली आणि मग उठून माईक घेतला. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय, लोक त्याचा हात वर गेलेला बघतात, मी त्याची बोटं बघतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो लंडनमध्ये वारला, अवघा ४५ वर्षांचा, मी तेव्हा सहावीत, आपल्या खोलीत त्याच पेटीवर अलंकार घोटत होतो आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

परवा शाळेत येऊन गेलो. पेटी आहे अजून, भाता फाटलाय, काळी चार दाबली की वर येत नाही. नवीन हॉलमध्ये कीबोर्ड येणार आहे म्हणे, जरूर आणा, पण पेटी भंगारात देऊ नका, दुरुस्तीचा सगळा खर्च माझा.