आम्ही आणि आपण

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा ते मी सर्वांत आधी फोनवरून माझ्या मैत्रिणीला वाचून दाखवले, कारण या शाळेतली माझी कोणतीही आठवण माझ्या एकटीची नाही. चौथीच्या वर्गात बाईंनी मला तिच्या शेजारी बसवले, त्याला आता ६२ वर्षे झाली.

आमचे कुटुंब आपला देश सोडून आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मराठीचा एकही शब्द मला येत नव्हता. पहिले काही महिने मी वर्गात बोललेच नाही. परक्या भाषेत येऊन पडलेली पुष्कळ मुले अशी गप्प राहतात आणि त्या काळात ऐकलेले मनात साठवत असतात, हे मला पुढे वाचनातून समजले. आमच्या बाईंना ते तेव्हाच उमगले असावे, कारण मला उभे करून उत्तर विचारण्याची घाई त्यांनी कधी केली नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहिताना एकच असले, तरी त्यांचा उच्चार निराळा आहे, ही गोष्ट जन्मापासून मराठी बोलणाऱ्यांच्या सहसा लक्षातही येत नाही. माझी मैत्रीण मात्र ते दोन्ही शब्द माझ्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणत राही आणि मी तिच्या ओठांकडे पाहत राही. फळा तो, खिडकी ती आणि दार ते, हे पाठ करायला मला एक वर्ष लागले.

त्याहूनही अवघड गेली ती ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही जोडी. आमच्या घरच्या भाषेत दोहोंसाठी एकच शब्द होता. ऐकणाऱ्याला सामावून घ्यायचे असेल तर ‘आपण’ आणि त्याला वगळायचे असेल तर ‘आम्ही’, हा भेद मी मधल्या सुट्टीत शिकले. ‘आम्ही दोरीवरच्या उड्या मारणार आहोत,’ असे मुली मला सांगत होत्या आणि त्यात मी नव्हते. तेवढ्यात दोरीचे एक टोक माझ्या हातात देऊन ती म्हणाली, ‘चल, आपण मारू या.’ त्या दिवसापासून आम्ही दोघी उड्या माझ्या भाषेत मोजू लागलो. दहापर्यंतचे आकडे तिने हट्टाने शिकून घेतले, पण सातचा उच्चार तिच्या जिभेला साधत नसे आणि नेमकी तिथेच दोरी पायात अडके.

घरी मी आईवडिलांची दुभाषी होते. घरमालकाचे, डॉक्टरांचे, शाळेचे बोलणे त्यांना समजावून सांगायचे आणि त्यांचे उत्तर परत पोहोचवायचे, हे काम वयाच्या दहाव्या वर्षापासून माझ्याकडे आले. पुढे मी तोच व्यवसाय केला, म्हणून अनुभवाने सांगते की मुलांवर हे ओझे टाकू नये. आपल्या आईच्या आजाराचे नाव तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागणे ही कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये अशी गोष्ट आहे.

त्याच वयात मला आईच्या बोलण्याची लाज वाटू लागली आणि शाळा सुटताना तू फाटकापाशी येऊ नकोस, असे मी तिला सांगितले. ती मुकाट्याने दूर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहू लागली. माझ्या मनात तिचे तेच चित्र इतकी वर्षे राहिले होते. दोन वर्षांपूर्वी मी ते मैत्रिणीपाशी बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मी तर रोज रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जात होते. तुला दप्तर आवरायला वेळ लागायचा. त्या मला सात म्हणायला शिकवायच्या, आणि हसायच्या.’ आई त्या रस्त्यावर हसत होती, हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळले.

सन २००० मध्ये व्हिओरिका मारियान आणि उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी रशियन बोलणाऱ्या, अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या तरुणांच्या आठवणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रशियन भाषेत मुलाखत घेतली असता त्यांना त्या भाषेत जगलेल्या दिवसांच्या आठवणी अधिक येत आणि इंग्रजीत घेतली असता नंतरच्या दिवसांच्या. मला हे स्वतःवरून पटते. माझ्या आठवणीतली आई अलीकडे मराठीत बोलू लागली आहे, प्रत्यक्षात तिला मराठीची चार वाक्येही सलग जमत नव्हती. आईवडील गेले, धाकटा भाऊही गेला, आणि घरची भाषा ज्याच्याशी बोलावी असे माझे कोणी उरले नाही. मैत्रीण तेवढे आकडे म्हणते, तेव्हा आईचा खरा आवाज तिच्याच शब्दांत मला क्षणभर ऐकू येतो.

गेल्या वर्षी मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळायचे आणि दहा आकडे मोजायचे, असा व्यायाम फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला दिला होता. मी शेजारी बसले होते. वेदनेने तिचे डोळे मिटलेले होते आणि ती माझ्या आईच्या भाषेत मोजू लागली. ही कोणती भाषा, असे त्या मुलीने मला विचारले, पण मला उत्तर देता आले नाही, कारण सहा झाले होते आणि मैत्रीण डोळे उघडून माझ्याकडे पाहत थांबली होती. सात मी म्हटले. पुढचे तीन आकडे आम्ही दोघींनी मिळून मोजले.