तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा उत्साह येतो कुठून?

आमच्या सहकारी सोसायटीच्या काऊंटरवर येणारे बरेच जण मला हे विचारतात. "दिवसभर हिशेब, संध्याकाळी संमेलनाची बैठक, रविवारी वर्गणीला गावभर फिरणं. मॅडम, एवढा उत्साह आणता कुठून?" विचारण्यात कौतुक असतं, आणि 'आम्हाला नाही बुवा जमायचं' असा एक सूरही असतो. त्या सुरासाठी नीट उत्तर देते.

मला हा उत्साह लागलाय. कुणाकुणापासून लागला, तेही सांगता येईल.

आमच्या बेळगाव तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, जेवण, कविसंमेलन. आमच्याही गावात भरतं. पैसा गावचा, राबणंही गावचंच. पाहुणे मंडप बघून थक्क होतात. मला त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस जास्त मोलाचे वाटतात.

जेवणासाठी घरोघरचे तांदूळ गोळा करायचं काम शेजारच्या वहिनींकडे असतं. तांदळाच्या पोत्याबरोबर त्यांच्या पिशवीत शाळेतल्या पोरांच्या कवितांचे कागद असतात. उंबऱ्यात उभं राहून आधी त्या घरच्या पोराची कविता वाचायची, तांदळाचं नंतर. एका घरी बाप नुकताच शेतावरून आला होता, पाय धुवायला तांब्या हातात. वहिनींनी त्याच्या चौथीतल्या मुलीचा कागद काढला: 'आमच्या म्हशीला मराठी कळतं, कन्नडही कळतं, पण धार काढताना ती फक्त आज्जीचं ऐकते.' तो तांब्या धरून तसाच उभा. "हे आमच्या पोरीनं लिवलंय? परत वाचा की, वहिनी." तांदूळ तर मिळालेच, वर "मांडव कधी घालताय? मी येतो" हेही मिळालं. मी नुसती वही धरायला गेले होते. दोन-चार घरं झाली आणि कविता मी वाचायला लागले.

दुसरे आमचे गुरुजी, निवृत्त झालेले. दिंडीपुढच्या लेझमीची तालीम तेच घेतात. एखाद्या पोराचं पाऊल चुकलं तर ओरडत नाहीत. त्याच्या शेजारी रांगेत जाऊन उभे राहतात आणि गुडघा दुखत असला तरी स्वतः खेळायला लागतात. पोरगं आधी त्यांच्या पायांकडे बघतं, मग बघायचं विसरतं, तोवर पाऊल बसलेलं असतं. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गुरुजी अगदी खचले, कुणाशी बोलेनात. पोरांनी तालीम त्यांच्याच दारात मांडली. पहिल्या संध्याकाळी ते आतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची बाहेर मागवली, आणि थोड्या वेळानं खुर्चीवरूनच हातानं ताल द्यायला लागले. ज्यांना त्यांनी दिलं होतं त्यांनीच परत आणून दिलं.

माईक धरून 'जोरात टाळ्या' म्हणणारी माणसंही मी पुष्कळ बघितली. त्यांच्या सोबतीत मला काही लागलं नाही. लागतं ते कामात बुडालेल्या माणसाचं, आणि तेही त्यानं आपल्याला कामात ओढलं तर. "बघत काय उभी राहिलीस, ही वही धर की," असं वहिनी म्हणाल्या नसत्या, तर मी आजही वर्गणीची पावती फाडून घेऊन दार लावलं असतं.

सिगल बारसेड या अमेरिकेतल्या संशोधक बाईंचा २००२ सालचा एक अभ्यास मला फार पटला. चर्चेला बसवलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांत त्यांनी तयार केलेला एक नट बसवला. कुठे तो उल्हासानं वागे, कुठे मरगळलेला. इतरांना यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्यांची मनं त्याच्या मागोमाग गेली. जिथे ती चांगल्या बाजूला वळली, तिथे सहकार्य वाढलं आणि खटके कमी झाले. म्हणजे मरगळही अशीच पसरते! सोमवारी सकाळी काऊंटरची काच वर करताना हे माझ्या डोक्यात असतं, कारण समोर रांगेत सगळं गाव उभं असतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर गोकाककडची एक मुलगी रुजू झाली. घरी कन्नड, मराठी कामापुरती. तिला मी संमेलनाचं महत्त्व वगैरे सांगितलं नाही. दिंडीच्या वाटेवर रांगोळ्या काढायला हात कमी पडताहेत, एवढंच म्हणाले. "अक्का, मला ठिपक्यांची येते," म्हणाली आणि आदल्या रात्री मुक्कामालाच आली. पहाटे वहिनी तिला विचारून रंग भरत होत्या. आता शनिवारी डबा खाताना ती एक कन्नड कविता वाचते आणि मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगते. जेवण झालं की टेबलावर डोकं टेकणारे आमचे कॅशियरकाका हल्ली शुक्रवारीच विचारतात, "उद्या कुठली?" परवा त्यांनी स्वतःच्या वडिलांची एक ओवी म्हणून दाखवली. इतक्या वर्षांत आम्हाला माहीत नव्हतं की त्यांना ओव्या येतात.

तुम्हाला यायचं असेल तर संमेलनाच्या दिवशी खुर्ची धरायला येऊ नका, आदल्या दुपारी या. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसलेल्या असतो. माझी ओळख सांगायचीही गरज नाही, वहिनी तुम्हाला बघितल्या बघितल्या एक सूप हातात देतील.