वाड्याची तुळई, फ्लॅटचं सिलिंग

सिलिंगला लाकडी बीम म्हणजे आमच्या धंद्यात बहुतेक वेळा प्लायचा पोकळ खोका, वरून व्हिनिअर, पॉलिश, झालं काम. लांबून तुळई दिसते, बोटाने टकटक केलं की ढोलकी. मी पण असले ढीगभर केलेत, उगाच नावं कशाला ठेवू.

पण कोथरूडचं एक काम डोक्यात बसलंय. पार्टीचा सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला, पाडताना त्यांनी दोन सागवानी तुळया राखून ठेवल्या आणि मला म्हणाले, दादा, ह्याच हॉलला पाहिजेत. टेप लावला. ९ बाय ६ इंच, लांबी १२ फूट, म्हणजे साडेचार घनफूट, सागाचा घनफूट १८ किलो धरला तरी एकेक ८० किलोच्या वर. वाड्यात ती दोन्हीकडे भिंतीत बसून पाटणाचा, म्हणजे वरच्या मजल्याच्या फळ्यांचा, भार घ्यायची, इथे उलटं, स्लॅबने तिला धरून ठेवायचं आणि खाली सोफ्यावर माणसं. म्हटलं साहेब, अख्खी मी नाही टांगणार.

शेवटी ठरलं की तीन बाजूंची पाऊण इंची साल फळीसारखी कापून काढायची, कडा ४५ डिग्रीत जोडायच्या, आत पोकळ. धुराचा काळपटपणा, वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव सगळं बाहेरून तसंच.

टिंबर मार्केटमधल्या ओळखीच्या मिलवर नेल्या. आदल्या दिवशी बसून खिळे उपटले होते, लोहचुंबकही फिरवला होता. पहिली छान निघाली, वरून काळीठिक्कर आणि आत मधासारखा रंग, तो तेलकट वास तर आख्ख्या शेडमध्ये. दुसरीला मधोमध करवतीचा आवाज बदलला, मी हात वर करेपर्यंत फाडकन पट्टा तुटला. आत बोटभर घडीव चौकोनी खिळा, डोकं कधीच गंजून गेलेलं, भोवतीचं लाकूड निळंकाळं पडलेलं. मिलवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पट्ट्याचे पैसे मीच दिले, चूक माझीच होती.

फिटिंग त्या मानाने सोपं गेलं. पंख्याची पाइप स्लॅबमधून कुठून गेलीय ते बघून ती लाइन सोडून ड्रिल मारलं, २ बाय २ ची पट्टी फास्टनरने, म्हणजे स्लॅबमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने, आवळली, खालून टेकू देऊन खोका वर चढवला, बाजूने स्क्रू. जुन्या तुळईला एक लोखंडी कडी होती, ती पण शोभेला परत तिथेच बसवली.

संध्याकाळी साहेबांच्या आई आल्या. बराच वेळ मान वर करून बघत होत्या.

"अरे, ह्या कडीला माझ्या दोन्ही पोरांचा पाळणा होता."

मी घाईघाईने म्हटलं, "आजी, आता पोकळ आहे हां, हिला कुंडीसुद्धा अडकवू नका."

"मग लावलीस कशाला?"

ह्याला काय उत्तर देणार. दुसऱ्या दिवशी तेवढीच कडी काढली, खोक्यातून आरपार लांब फास्टनर थेट स्लॅबमध्ये घातला आणि कडी त्याला आवळली. स्टुलावर चढून दोन्ही हातांनी धरली आणि पाय सोडले. माझं वजन ८२. हेल्पर खाली फिदीफिदी हसत मोबाइलवर शूटिंग करत होता आणि आजी त्याला ओरडत होत्या, अरे हसतोस काय, धर त्याला!