खारपाणपट्ट्यातून : आमची वाटचाल

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. त्यातील दर्यापूर तालुक्यात केस धुण्याची उत्पादने तयार करणारा आमचा छोटा उद्योग आहे. येथील जमीन काळी, खोल आणि कसदार असली तरी तिच्या पोटातले पाणी खारट आहे. शहानूर धरणावरील योजनेचे गोड पाणी पिण्यासाठी आणि वरण शिजवण्यासाठी राखून ठेवायचे आणि अंघोळ, धुणे, भांडी बोअरच्या पाण्यावर भागवायची, ही घरोघरची रीत आहे. आमच्या उद्योगातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या बोअरच्या पाण्याने घ्यायला लावलेला आहे.

सुरुवात माझ्या जाऊबाईंच्या बचत गटापासून झाली. गटातील स्त्रिया नागपूरच्या इतवारीतून शिकेकाई आणि रिठा आणून, उन्हात वाळवून, गिरणीतून दळून घेत आणि ती पूड आठवडी बाजारात विकत. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली असल्याने हिशेबाबरोबर तक्रारी ऐकण्याचे कामही माझ्याकडे आले. तक्रारी पुडीपेक्षा केसांबद्दलच अधिक होत्या : धुतल्यावरही केस चिकट राहतात, खाज सुटते, कोंडा जात नाही. विचारपूस केली तेव्हा बहुतेक घरांत पूड फक्त सणावाराला वापरली जाते आणि एरवी अंगाच्याच साबणाने, काही ठिकाणी तर कपड्याच्या साबणाने, डोके धुतले जाते, असे आढळले.

आमच्या बोअरचे पाणी तपासून घेतले, तेव्हा त्याची कठीणता ६०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर निघाली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही इष्ट आणि ६०० ही दुसरा स्रोत नसताना चालवून घेण्याची शेवटची मर्यादा आहे. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात. न्हाणीघरातील बादलीच्या कडेला बसणारा थर तोच असतो आणि केसांवर बसणाराही तोच. तो निघावा म्हणून बाई पुन्हा साबण लावते आणि साका आणखी वाढतो. शिवाय साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी) साधारण ९ ते १० असतो, तर डोक्याची त्वचा ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असते. हे अंतर समजून घेताना मी डोक्यावरील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाकडे वळले आणि तेथून आमच्या कामाची दिशा बदलली.

निरोगी डोकेही निर्जंतुक नसते. मॅलॅसेझिया या बुरशीच्या ग्लोबोसा आणि रेस्ट्रिक्टा या दोन जाती, तसेच क्युटिबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस या गटांतील जिवाणू तेथे कायम वस्तीला असतात. मॅलॅसेझिया हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी कोंड्याच्या पापुद्र्यांत ही बुरशी १८७४ मध्येच पाहिली होती. तिला स्वतःची स्निग्धाम्ले (तेला-तुपाचे घटक असलेली आम्ले) तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाचे विघटन करते, त्यातील संपृक्त स्निग्धाम्ले वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले मागे ठेवते. ज्यांच्या त्वचेला ओलेइक आम्ल सोसत नाही, त्यांच्या त्वचेचा वरचा थर बिघडतो, पेशी घाईने तयार होऊन झडू लागतात आणि त्यांचाच कोंडा होतो. कोंडा असलेल्या डोक्यावर रेस्ट्रिक्टाचे प्रमाण वाढलेले आणि स्टॅफिलोकॉकसच्या तुलनेत क्युटिबॅक्टेरियमचे प्रमाण घटलेले अनेक अभ्यासांत आढळले आहे. ही वस्ती उठवून लावणे शक्य नाही आणि तसा प्रयत्न करण्याचे कारणही नाही. जमा झालेले तेल आणि मळ वेळच्या वेळी निघावा आणि तो काढताना त्वचेचा सामू व तिचे आवरण बिघडू नये, एवढेच धुण्याच्या पदार्थाने करायचे असते. आम्ही एवढेच करायचे ठरवले.

शिकेकाईने हे काम पिढ्यानपिढ्या केले आहे. तिच्यातील सॅपोनिने, म्हणजे फेस करणारी नैसर्गिक द्रव्ये, साबणासारखा साका करत नाहीत आणि तिचे पाणी स्वभावतः आम्लधर्मी असते. अडचण पुडीची होती. लांब, दाट केसांतून तिचे कण धुऊन काढायला भरपूर पाणी लागते आणि ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ते परवडत नाही. वसतिगृहातील मुलींना तर सकाळच्या रांगेत तेवढा वेळही मिळत नाही. म्हणून शिकेकाईचा अर्क असलेला, पण मुख्य काम डेसिल ग्लुकोसाइड या सौम्य पृष्ठसक्रिय (तेल-मळ सोडवणाऱ्या) द्रव्याकडून करून घेणारा द्रवरूप शांपू आम्ही तयार केला. हे द्रव्य वनस्पतिजन्य साखर आणि स्निग्ध अल्कोहोल यांपासून बनते, त्यावर विद्युतभार नसतो आणि त्यामुळे पाण्याच्या कठीणतेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. कारखान्यातून येते तेव्हा मात्र त्याचा सामू ११ च्या वर असतो. ‘सौम्य’ म्हणून विकत घेतलेले हे द्रव्य मोजमाप न करता बाटलीत भरले, तर ते साबणापेक्षाही कठोर ठरेल. सायट्रिक आम्लाने सामू ५ च्या आसपास आणल्याशिवाय आमच्याकडील एकही घाणा पुढे जात नाही आणि ते मोजण्याचे यंत्र हीच आमच्या शेडमधील सर्वांत जपलेली वस्तू आहे.

पाणी येथेही आडवे आले. बोअरचे पाणी उत्पादनात चालत नाही, कारण त्यातील क्षारांनी द्रावण गढूळ होते आणि सामू स्थिर राहत नाही. आरओ (पाण्यातील क्षार गाळून काढणारे यंत्र) बसवला, तर शुद्ध पाण्याबरोबर त्याहून खारट पाणी बाहेर पडते आणि ते शेजाऱ्याच्या कपाशीत सोडणे आम्हाला मान्य नव्हते. शेडच्या छपरावरील पावसाचे पाणी आम्ही बंद टाक्यांत साठवतो, गाळतो आणि त्यावरच आरओ चालवतो. मूळ पाणी गोडे असल्याने बाहेर पडणारे पाणी फरशी आणि भांडी धुण्यास उपयोगी पडते. पाऊस कमी झाला की उत्पादन कमी होते. व्यापाऱ्यांना हे पटत नाही, पण आमचा त्यावर इलाज नाही.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी जागा, नोंदवह्या आणि तपासणी यांत बराच काळ गेला, पण नोंदी ठेवण्याची सवय लागली ती त्यामुळेच.

विक्रीत सर्वाधिक वाद ‘केमिकल फ्री’ या दोन शब्दांवरून होतो. ते शब्द वेष्टनावर छापावेत, असे आग्रहाने सांगणारे वितरक भेटले. आम्ही ते छापत नाही. पाणी आणि वनस्पतीचा अर्क एकत्र आला की त्यात जिवाणू वाढणारच, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या विदर्भात तर अशी बाटली आणखी जपावी लागते. म्हणून आम्ही सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य, वापरतो. ते आम्लधर्मी द्रावणातच नीट काम करते, त्यामुळे डोक्याच्या त्वचेला मानवणारा सामू त्यालाही सोयीचा पडतो. परिरक्षक नसलेल्या शांपूपेक्षा परिरक्षक असलेला शांपू त्वचेसाठी अधिक सुरक्षित आहे, हे आम्ही वेष्टनावर साध्या मराठीत लिहितो आणि त्यामुळे काही गिऱ्हाइके जातात.

फेसाबद्दलची तक्रार मात्र अजून संपलेली नाही. “ताई, फेसच येत नाही, मंग धुतल्यासारखं वाटत नाही,” असे दर बाजारी ऐकावे लागते. फेस आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही, हे सांगून पटत नाही. एका बाजूचे केस आमच्या शांपूने आणि दुसऱ्या बाजूचे साबणाने, दोन्ही बोअरच्याच पाण्यात, धुऊन पाहा म्हटले की बहुधा पुढचे बोलावे लागत नाही.

तेलाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण कोंड्यावर तेल चोपडणे हा आमच्याकडे उपचारच मानला जातो. जवसाचे, तिळाचे किंवा टोळीचे (मोहाच्या बियांचे) तेल काढून विका, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तीळ आणि टोळी या दोन्ही तेलांत ओलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते आणि कोंड्याने आधीच बिघडलेल्या त्वचेवर ते रात्रभर ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. खोबरेल तेलाची गोष्ट थोडी वेगळी दिसते. भोपाळच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्थेतील संशोधकांनी १४० भारतीय स्त्रियांचा अभ्यास करून २०२१ मध्ये असे मांडले की १२ आठवड्यांच्या वापरानंतर कोंडा असलेल्या डोक्यावर क्युटिबॅक्टेरियम आणि ग्लोबोसा यांचे प्रमाण वाढले, म्हणजे वस्ती निरोगी डोक्याच्या दिशेने सरकली. एका मोठ्या प्रसाधन कंपनीचे संशोधकही त्यात सहभागी होते, हे ध्यानात ठेवूनही तो अभ्यास महत्त्वाचा आहे. आम्ही तेल विकत नाही. कोणी विचारले, तर खोबरेल तेल थोडे लावावे आणि नंतर डोके धुवावे, एवढेच सांगतो.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. संशय आधी पाण्यावर, शांपूवर आणि बुरशीवर गेला. शेगाव आमच्यापासून दूर नाही आणि खारट पाण्याची भीती आमच्या गावांतही तेवढीच आहे, त्यामुळे आमच्या शांपूची मागणी एकाएकी वाढली. त्या आठवड्यांत आम्ही बाजारातील टेबलावर पाटी लावली की हे उत्पादन केस गळण्यावरचे औषध नाही आणि अचानक केस गळत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातून शरीरात गेलेल्या अतिरिक्त सेलेनियम या खनिजाकडे लक्ष वेधले. कारण डोक्याच्या त्वचेवर नसून ताटात होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ती पाटी आम्ही नंतरही काढलेली नाही.

त्याच पाटीमुळे आता लोक आधी डोके दाखवतात आणि मग शांपू मागतात. वयात येण्यापूर्वी त्वचेचे तेल फार कमी पाझरते, म्हणून लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्रे आणि केस तुटलेले गोल चट्टे दिसले, तर तो कोंडा नसून नायटा असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. अशा आईला आम्ही शांपू देत नाही. मोठ्या माणसाचा कोंडा सौम्य धुण्याने आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना विचारून औषधाच्या दुकानातील केटोकोनॅझोलचा शांपू घ्यावा, तो लगेच न धुता ३ ते ५ मिनिटे ठेवावा आणि मधल्या दिवशी हवा तर आमचा वापरावा, असे आम्ही सांगतो.

सध्या गटातील सात जणी पगारावर आहेत. बाटलीची किंमत परवडत नाही, असे मजूर स्त्रियांनी सांगितल्यावर आम्ही दर्यापूर आणि अंजनगावच्या बाजारात शांपू सुटा विकण्याचा विचार केला होता, परंतु घरून आणलेल्या ओल्या बाटलीत तो भरणे धोक्याचे असल्याने तो बेत सोडला. त्याऐवजी लहान, मोहोरबंद आणि परत घेता येईल अशी बाटली ठरवली आहे. परत आलेल्या बाटल्या कोणत्या पाण्याने धुवायच्या, याचा हिशेब चालू आहे, कारण पावसाचे पाणी त्यालाही पुरवायचे म्हटले तर आणखी एक टाकी बांधावी लागेल.