ऋणनिर्देशातली बायको

विनोदी कादंबरी संपादनाला आली की मी आधी विनोद तपासत नाही, व्यवहार तपासतो. गंमत आहे म्हणून काहीही खपेल, असं लेखकांना वाटतं. प्राध्यापकावरची कादंबरी प्राध्यापकच विकत घेतात आणि पेन्सिल घेऊन वाचतात.

ही कादंबरी पुण्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाची. त्याच्या पीएचडीच्या प्रबंधातला ऋणनिर्देश सहकाऱ्याच्या जुन्या प्रबंधातून जसाच्या तसा उचललेला: ‘रात्र रात्र जागून चहा पुरवणाऱ्या सहधर्मचारिणीस…’ सॉफ्टवेअर चोरी पकडतं, ४३ टक्के साम्य दाखवतं, प्राचार्य त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवतात, मग बायकोही जाते.

यातलं काहीच जमत नाही. तीनशे पानांच्या प्रबंधात एक पान म्हणजे टक्कासुद्धा भरत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळतात. त्यातून मूळ प्रबंध जुन्या फॉन्टमधला. त्या फाइलमध्ये पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत इंग्रजी अक्षरंच असतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांचे स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, रूपांतरित केल्याशिवाय यंत्राला त्यात मराठी सापडणारच नाही. केलं तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, ते हातानं लावत बसावं लागतं. या कामाला कुणी पैसे देत नाही, हे जाता जाता.

आणि एका संध्याकाळीत नोकरी? तक्रार आधी विभागाच्या समितीकडे, मग संस्थेच्या. दोघींना ४५-४५ दिवस. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी स्थगित होते.

लेखक स्वतः निवृत्त प्राध्यापक. म्हणाले, “मग माझा नायक बुडणार कसा?”

“कॉलेजात बुडतच नाही, सर. घरी बुडतो.”

यंत्राला न दिसलेलं बायकोला दिसतं. सहकाऱ्याच्या घरी तो प्रबंध चाळताना ती स्वतःचे आभार दुसरीच्या नावे वाचते. “मी कधी जागले रे तुझ्यासाठी? दहाला झोपते मी.” तिकडे समित्यांच्या बैठका गणपूर्तीअभावी तहकूब होत राहतात. शेवटी ‘वाङ्मयचौर्य आढळले नाही’ असं शिक्क्याचं पत्र येतं आणि हा शहाणा त्याची साक्षांकित प्रत सासुरवाडीला पाठवतो.

साक्षांकित प्रतीची ती कल्पना लेखकांचीच. तिथे मी पेन्सिल लावली नाही.

अडलंय वेगळ्याच ठिकाणी. पुस्तक १९२ पानांत, म्हणजे बारा फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फर्मा) बसलं होतं. नव्या प्रकरणानं १९८ झालं. सहा पानांसाठी तेरावा फर्मा घ्यायचा तर दहा पानं कोरी जाणार. प्रकाशक किंमत वाढवायला तयार नाहीत. पर्वतीवरच्या सूर्योदयाचं वर्णन बरोबर सहा पानांचं आहे आणि कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. लेखक म्हणतात, कादंबरीत तेवढंच साहित्य आहे. मी ते आणखी दोनदा वाचलं. वाईट नाही, हीच पंचाईत. सोमवारी फाइल छपाईला जायची आहे.