वर्गणी थांबली तिथून पुढे

संस्था विसर्जित करण्याचा ठराव होता. दादरच्या सभागृहात आम्ही आधी सभासद नोंदवही आणि वर्गणीची पावतीपुस्तकं मागितली. आम्ही संस्थांचे हिशेब पाहतो. ही संस्था वस्त्यांतलं पाणी, शौचालयं आणि महापालिकेचं बजेट यांवर नगरसेवकांकडे पाठपुरावा करायची. सोसायटी कायदा, 1860 च्या कलम 13 प्रमाणे विसर्जनाला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. कलम 15 म्हणतं, वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर मत नाही आणि सभासद म्हणून गणतीही नाही.

नोंदवहीत गोवंडी, कुर्ला, ॲन्टॉप हिलची पानंच्या पानं भरलेली. पावत्या मात्र एका वर्षानंतर एकदम बंद. मोठं फंडिंग आलं ते त्याच वर्षी. घरोघर वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते प्रोजेक्टच्या पगारावर गेले आणि त्यांचे दिवस फंडरच्या तिमाही अहवालात, पैसे कशावर खर्चले ते दाखवणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रांत संपू लागले. ताळेबंदात वर्गणीची रक्कम नगण्यच होती. पण पावती घेतलेली माणसं शिष्टमंडळात यायची, आणि नगरसेवक ऐकायचा तो त्यांचं. नियम लावला तेव्हा मतदानाला पात्र उरली फक्त कार्यकारिणी. संस्था खरी कधी खचली, हे आम्हाला त्या पावतीपुस्तकांत दिसलं.

पैसा आटण्याची कारणं वेगळी. परदेशी निधी एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा बदलला आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर उतरली. शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्यांना हे कसंबसं जमतं. पाठपुराव्याच्या कामात मात्र पगार, भाडं आणि प्रवास हाच मुख्य खर्च, आणि त्यातला कुठला प्रशासकीय यावर वाद होतो. सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाकडे, वळावं तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे. धोरणासाठी भांडण्याला तिथे सरळ जागा नाही. त्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आला, आणि ज्यांच्याकडे पाठपुरावा करायचा तेच उरले नाहीत.

बंद करतानाही पैसा लागतो, हे फार थोड्या संस्था धरून चालतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की ग्रॅच्युइटी लागू होते. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा मासिक पगार 26,000 आणि नोकरी आठ वर्षं असेल तर 26,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8. एका माणसाचे 1,20,000 रुपये. फंडर ही रक्कम क्वचितच बजेटमध्ये घेऊ देतात. शिल्लक प्रोजेक्ट निधी कराराप्रमाणे बांधलेला असतो, त्यातून ती देता येत नाही, आणि इथे कॉर्पस, म्हणजे संस्थेचा स्वतःचा कायम निधी, शून्य होता. ज्यांनी वस्त्या पिंजून काढल्या त्यांचेच पैसे अडकतात, हे आम्हाला अजूनही अन्यायाचं वाटतं.

परदेशी निधीतून घेतलेले लॅपटॉप, प्रिंटर वेगळ्या यादीत हवेत. एफसीआरएचं नोंदणी प्रमाणपत्र परत केलं की ती मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. देशी निधीची शिल्लक सोसायटी कायद्याच्या कलम 14 मुळे सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. ती संस्था आयकर कायद्याखाली नोंदलेली हवी आणि विसर्जनाचा महिना संपल्यापासून 12 महिन्यांत हस्तांतर व्हायला हवं. नाहीतर संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवर कमाल दराने कर बसतो.

त्या दिवशी ठराव मतास टाकू नका, असं आम्ही सांगितलं. कार्यकारिणीने कार्यकारिणीपुरतं मत देऊन वस्त्यांची संस्था मोडणं आम्हाला पटलं नाही. नोंदवहीतल्या प्रत्येकाला थकबाकी आणि सभेचा विषय कळवणारी नोटीस जावी, ज्याला मत द्यायचंय त्याने वर्गणी भरावी, आणि मगच सभा. पुढच्या सभेला कुर्ल्याहून बरेच जण पैसे भरून आले. विसर्जनाच्या बाजूने मत देण्याआधी त्यांनी एकच मागणी लिहून घ्यायला लावली: वॉर्डनिहाय पाणी-तक्रारींच्या वह्यांच्या प्रती प्रत्येक वस्तीला मिळाव्यात. ती मंजूर झाली.