आईचा फोन आणि रन काढणं

सांगलीजवळ कुपवाडला माझ्याकडे शिकवणीला सातवीतला एक जैन पोरगा येतो. साडेसातला आईचा फोन येतो. ती तिकडून कन्नडमध्ये विचारते, हा इकडून मराठीत उत्तर देतो, "हां, झालंच. निघालोय." ती परत कन्नडमध्ये, हा परत मराठीत. दोघांचं काहीच अडत नाही. कन्नड येत नाही म्हणावं, तर दिवाळीत कर्नाटकातल्या अथणीहून आजी आली होती. दारात तिच्याशी असा घडाघडा बोलत होता की मीच बघत राहिले.

आईचं म्हणणं, "मॅडम, ह्याला आपल्या भाषेची लाज वाटतीया." मला नाही तसं वाटत. पोरांच्या घोळक्यात बसलेला असताना आपण घोळक्यातलेच आहोत हे त्याला दाखवायचं असतं, एवढंच. शिवाय सगळ्यांसमोर आईचा फोन हा मुळातच नाजूक विषय!

कुपवाडला हे नवीन नाही. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली कुपवाडवर एक निबंध छापला होता. भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना तो बहुधा वाचावाच लागतो. इथली कन्नड, उर्दू आणि मराठी शेजारी नांदून नांदून वाक्यरचनेत जवळजवळ एक झाल्या होत्या. शब्द मात्र वेगळेच राहिले होते. कारण जैनांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, आणि चारचौघांत मराठी, जी या दोघांच्याही घरची नव्हती. आता एमआयडीसी वाढली, पोरं सेमी इंग्रजीला गेली, पण घरची भाषा वेगळी आणि चारचौघांतली वेगळी, हे माझ्या वर्गात अजून दिसतं. दोघं मुसलमान भाऊबहीण एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात, "मी वही विसरलो होतो." कंपासवरून भांडण लागलं की लगेच घरची दखनी उर्दू सुरू. बाईंना कळत नाही असा त्यांचा समज आहे, आणि तो मी मोडत नाही.

खरी गंमत मैदानावर. तो जैन पोरगा आणि त्याचा चुलतभाऊ बॅटिंगला असले की रन कन्नडमध्ये काढायचे. "बा, बा!" म्हणजे ये, आणि "ब्याड!" म्हणजे नको. फील्डिंगवाल्यांना पत्ता नाही, यांना फुकटची रन. महिनाभर चाललं असेल. मग विकेटकीपरनं दोन्ही शब्द उचलले आणि मागून खच्चून "ब्याड!" ओरडून यातल्या एकाला रनआउट केलं. ते चालतं की नाही यावर शिकवणीची पहिली वीस मिनिटं गेली. भांडण अर्थात मराठीत झालं.